हात बघून गाणारी पोर

परवा पलूसला आमची बैठक होती. सुपरवायझर मॅडमनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "नव्या सेविकांना सांगा, लहान मुलांची चांगली बाई कशी असते." आठ-दहा नव्या पोरी वह्या उघडून बसलेल्या. मी म्हणाले, "मला विचारू नका. माझ्या पुढ्यात तेरा महिने बसणाऱ्या पोरीला ऐकायला येत नाही, हे मला ओळखता आलं नव्हतं."  मॅडम म्हणाल्या, तेच सांगा. मी सुरुवात केली, पण मध्येच पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर गेले. तिथं राहून गेलेलं इथं लिहून काढते.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. राग माझ्या नाकावर असतो. माहेर रहिमतपूरचं, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या रानातल्या माणसांना जेवायला बोलवायचं झालं की आई मलाच पुढं करायची. लग्न होऊन पलूस तालुक्यात आले आणि अंगणवाडीत लागले, त्याला चौदा वर्षं झाली. अंगणवाडी म्हणजे एक खोली, मागं स्वयंपाकाची पडवी, पुढं चपला काढायला पत्र्याची सावली, आणि तिन्ही बाजूंना ऊस. पोरं पंचवीस. माझ्याबरोबर मदतनीस म्हणून मावशी. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या आणि माझ्या आधीपासून इथं. घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, एवढं त्यांचं काम. शिकवायचं काम माझं. मी तरी तसंच समजत होते.

माझी सगळी मदार हातांवर. गाणं असलं की हात हललेच पाहिजेत. हत्तीच्या गाण्याला हाताची सोंड, पावसाच्या गाण्याला बोटांची थरथर, आगगाडीच्या गाण्याला पुढच्याच्या खांद्यावर हात. गाण्यांचंच नव्हे, सगळ्याचंच तसं. "बसा" म्हणताना तळवे खाली, "उठा" म्हणताना वर. गप्प बसायचं तर ओठावर बोट. हात धुवायला जायचं तर हात चोळून दाखवायचे. पोरं माझ्याकडं बघून झटक्यात करायची. आल्यागेल्यानं म्हणावं, काय शिस्त आहे. दोन-तीनदा तर मॅडमनी मला दुसऱ्या गावांत नेलं, गाणी कशी घ्यायची ते दाखवायला. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू.

ती पोर आली तेव्हा पावणेचार वर्षांची असेल. वडील फौजेत, लांब सरहद्दीकडं. घरी आई, आजी, दोन म्हशी आणि थोडा ऊस. आजीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाई, पोरगी जास्त बोलत न्हाई बरं का. आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. हिचा बाप पाच वर्सांचा हुईस्तवर मुकाच हुता, आता बघा, जवानांवर हुकूम सोडतोय." मी म्हणाले, येईल की आजी, काय घाई आहे. चार-पाच शब्द होते तिला. आई, पाणी, म्हस, दे. तेही अर्धवट, नाकातनं. पण आमच्याकडं तोतरी, बोबडी, गप्प अशी सगळ्या तऱ्हेची पोरं येतात. मी काही मनावर घेतलं नाही.

दोन महिन्यांत ती माझी लाडकी झाली. रडणं नाही, भांडणं नाही. डोळे मोठे आणि सारखे माझ्यावर. मी सोंड केली की तिची सोंड तयार. सोंडेचं टोक जरा वर वळवायची माझी एक लकब आहे, तीसुद्धा तिनं उचलली. गाण्याचे शब्द तिच्या तोंडातनं येत नव्हते, नुसते ओठ हलायचे, पण पंचवीस पोरांच्या गलक्यात ते कुणाला कळणार? बाकीच्यांनी दंगा केला की मी म्हणायचे, "हिच्याकडं बघा जरा. हिला एक शब्द तरी सांगावा लागतो का?" हे मी किती वेळा म्हणाले असेन. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

मावशी एकदा बोलल्या होत्या. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, ही पोर हाक मारल्यावर बघत न्हाई वो." मी फोनवर पोरांची वजनं भरत होते. म्हणाले, "गाण्यात सगळ्यांत पुढं आहे ती, मावशी. उगीच काही तरी काढू नका." मावशी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या आणि मी ते विसरून गेले.

मग जानेवारीत सांगलीहून अंगणवाडी बघायला पाहुणे यायचे ठरले. वर्षातनं एखाद्या वेळी येतात. मी चार दिवस आधीपासून खोली धुऊन काढली, भिंतीवरची चित्रं नवीन लावली, आणि ठरवलं की हत्तीचं गाणं घ्यायचं आणि ह्या पोरीला सगळ्यांच्या पुढं उभं करायचं. एरवी ती दुसऱ्या रांगेत असायची. पुढं दोघं-चौघं आणि समोर मी. त्या दिवशी मात्र तिला एकटीला पुढं आणलं, पाहुण्यांकडं तोंड करून. बाकीची पोरं तिच्या पाठीमागं. आणि मी? मी बाजूला फोन घेऊन उभी. व्हिडिओ काढून पाठवायचा असतो ना. दोन्ही हात फोनला.

पोरांनी गाणं सुरू केलं. ही उभीच. हात खाली, डोळे मोठे. समोर कोण आहे ते बघतेय. पाहुण्यांतल्या एका बाईंनी नाकावर घसरलेला चष्मा वर केला, तर हिनंही बोटानं नाकावर नसलेला चष्मा वर केला. बाई हसल्या. ही पण हसली. बाईंनी कौतुकानं मान वाकडी केली, हिनंही केली. पाहुण्यांत हशा पिकला, मागची पोरं गाणं सोडून हसायला लागली, आणि माझ्या हत्तीचं पार मातेरं झालं. मॅडम सावरून घ्यायला म्हणाल्या, लहान आहेत, होतं असं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पाहुण्यांची गाडी वळणावर गेली आणि मी तिला धरलं. तिच्यासमोर बोट नाचवून म्हणाले, "चेष्टा करतेस होय पाहुण्यांची? एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी?" तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि तसंच बोट माझ्यासमोर नाचवलं. मला वाटलं, आता माझीही टर उडवतेय. दंडाला धरून तिला कोपऱ्यात नेऊन बसवलं. चौदा वर्षांत मी एकाही पोराला हात लावला नव्हता. मारलं नाही तिला, पण माझी पकड तिच्या दंडावर उमटली असणार. ती रडली नाही. माझा हात सुटला तरी माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी आता पुढं काय करते ते बघायला.

मावशी पडवीत पातेलं घासत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "बाई, तिला ऐकायला येत न्हाई. रागवून काय उपेग."

एवढं सरळ सांगितलं त्यांनी. आणि मी काय म्हणावं? "तुम्ही भांडी घासा मावशी. शिकवायचं माझं मी बघते."

मावशींनी पातेलं पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि पोरांना घरी सोडायला निघून गेल्या. जाताना कोपऱ्यातल्या त्या पोरीचं बोट धरलं.  दुसऱ्या दिवशी आल्या, काम केलं, आणि पोरं ठोकळे खेळायला बसली तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, जरा ऱ्हावा हितंच. बोलू नका आन् हातबी हलवू नका."

पोरं पडवीकडं पाठ करून बसली होती. मावशी पडवीच्या दारात गेल्या आणि अगदी हळू आवाजात, शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या, "लाडू कुणाला पायजेल?"

शेंगदाण्याचा लाडू म्हणजे आमच्या पोरांचा जीव की प्राण. चोवीस तोंडं गर्रकन वळली. चोवीस पोरं उठली आणि मावशींवर तुटून पडली. ही एकटी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत बसली होती. शेजारची मुलगी उठताना हिला तिचा धक्का लागला, तेव्हा हिनं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं, सगळी कुठं पळाली ते शोधलं आणि मग उठून पळाली. सगळ्यांच्या शेवटी.

"रोज शेवटीच येती," मावशी म्हणाल्या. "लाडवासाठी जीव टाकती, तरी बी शेवटी. मी लय दिस बघतेय."

 मी ठोकळ्यांच्या पसाऱ्यात तशीच बसून राहिले. तेरा महिने मी हिला शिकवत नव्हतेच. ती माझे हात वाचत होती. आणि मी तिच्या पाठीवर शाबासकी देत होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. चौदा वर्षांत दोनदा गेले असेन, तेही लग्नकार्याला. मावशी बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती लावत होत्या. मी म्हणाले, "मावशी, चुकले मी." त्या म्हणाल्या, "बसा, च्या घ्या." मग चहा पिताना सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ असाच होता. सगळे म्हणायचे गुणी आहे, गप्प बसतो. शाळेत मास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं ते बसवलंच. बारा वर्षांचा झाला तेव्हा कळलं, आणि तोवर बोलायचं वय निघून गेलं होतं. तो आजही माणसाच्या तोंडाकडं बघून हसतो, म्हणाल्या, आणि लोकांना वाटतं आनंदात आहे.  पोरगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होणार होती. हिचंही तसंच झालं तर, आणि तेरा महिने माझ्यामुळं गेले असले तर, हे एकच डोक्यात फिरत होतं.

घरच्यांना सांगणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशींना घेऊनच गेले. आजी गोठ्यात होती. सगळं सांगून झाल्यावर आजीनं शेणाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, पोरीच्या जातीला असलं नाव लावू नका. उद्या गावभर झालं म्हंजे तिला कोण करून घील? परवापतूर तुमीच म्हणत हुता, एक नंबर हाय म्हणून."

 मी म्हणाले, "आजी, मीच चुकले. माझे हात बघून ती सगळं करत होती."

"मग आता बराबर कशावरनं? तवा चुकला, आता न्हाई चुकनार?"

तेवढ्यात सून दारात आली. हातात वैरणीचा विळा. ती सासूसमोर कधी फार बोलायची नाही. म्हणाली, "आत्या, मी मागनं हाक मारली की ती येत न्हाई. मला वाटायचं माझ्यावर रुसली हाय. मी दिसभर शेतात असते, म्हणून माझी माया न्हाई तिला." एवढं बोलली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. आजीनं हात धुतले. मग फोन लावला पोराला.

पोरीच्या वडिलांचा चेहरा फोनवर दिसला. मागं बराकीची भिंत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मी फोन केला की ती माझ्याशी बोलत न्हाई, नुसती बघती. मला वाटलं इसरली मला. बाईंना घेऊन जावा सांगलीला. उद्याच्याला जावा." आजी म्हणाली, मी बी येनार. आणि खरंच आली, इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी बांधून.

पलूसहून एसटीनं सांगलीला गेलो, आई, आजी, पोरगी आणि मी. मावशींनी अंगणवाडी सांभाळली. दवाखान्यात रांग मोठी होती. पोरगी खिडकीतनं बाहेर बघत होती, मध्येच समोरच्या म्हाताऱ्याचं खोकणं हुबेहूब करून दाखवत होती, आवाज न करता. मला बघवत नव्हतं. आजी माळ काढून बसली होती, पण मणी पुढं सरकत नव्हते. माझ्या मनात एकच घोकणं चाललेलं. नस गेली असेल तर? जन्माचंच असेल तर? मी आईच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या. कानात यंत्र घालून बघितलं, मग पोरीला काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. मला विचारलं, "सर्दी सारखी असते का हिला?"

मी म्हणाले, "डॉक्टर, आमच्या अंगणवाडीत नाक न गळणारं पोरच नाही." आणि बोलता बोलताच मला आठवलं, हिचं नाक तर मी रोज माझ्या हातानं पुसत होते. ती तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची तेसुद्धा रोज बघत होते.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही कानांच्या पडद्यामागं घट्ट पाणी साठलंय. नस शाबूत आहे. काळजी करू नका, ह्यावर इलाज आहे. आधी औषध देऊन वाट बघू, नाही हटलं तर छोटं ऑपरेशन."

आजीनं विचारलं, "म्हंजे पोर भैरी न्हाई?"

"नाही आजी. कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतंय तिला. बोळे काढले की झालं."

आजी तिथं फरशीवरच बसली. सुनेनं पोरीला पोटाशी धरलं ते सोडेचना. माझा जीव भांड्यात पडला, असं आपण उठसूट म्हणतो, पण मी खरंच भिंतीला टेकले. मग डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही बाई का हिच्या? तुमचा आवाज चांगला मोठा आहे. समोर असलात की तुमचं थोडंफार तिच्यापर्यंत जात असणार, उरलेलं ती बघून भरून काढत असणार. म्हणून लक्षात आलं नाही." त्यांनी मला सोडवायलाच म्हटलं असेल. मला मात्र ते चांगलंच लागलं. म्हणजे ज्या दोन गोष्टींचा मला ताठा, माझा आवाज आणि माझे हात, त्या दोन्हींच्या आड ही पोर दडून राहिली होती.

बाहेर येऊन आम्ही चौघींनी भडंग खाल्लं. आजीनं बांधून आणलेली भाकरी पिशवीतच राहिली. आजी दोनदा म्हणाली, बाई, तुमी आनखी घ्या, आनखी घ्या. आदल्या दिवशी मला गोठ्यातनं हाकलायला निघालेली हीच आजी. मी पोटभर खाल्लं. चार दिवस वाळत घातल्यासारखं तोंड करून फिरलेल्या माणसाला भूक लागते, तशी लागली होती.

औषधानं पाणी हटलं नाही. वाट बघण्यात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मी नव्यानं अंगणवाडी शिकले म्हटलं तरी चालेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला पुढं बसवा, तोंडाकडं तोंड करून बोला, आणि तिला जे समजलंय ते तिच्याकडनं काढून घ्या. मी दिवसातनं थोडा वेळ हात पाठीमागं बांधून बोलायचं ठरवलं. मला येईना. गोष्ट सांगताना हात सुटून पुढं यायचे. मावशी पडवीतनं हसायच्या आणि म्हणायच्या, "बाई, पदरात गाठ मारून ठिवा हातांना." पण हात बांधल्यावर मला एकेक पोर दिसायला लागलं. कोण शब्द समजून उठतं, कोण शेजाऱ्याकडं बघून उठतं. आणखी दोन पोरं अशी होती, की त्यांना कानाचं काही नव्हतं, पण माझ्या "उठा"चा अर्थच त्यांनी कधी समजून घेतला नव्हता. चारचौघांबरोबर उठायची आणि बसायची. त्यांना मी एकेकटं घेऊन बसायला लागले. मावशींनाही मी पोरांत बसवून घेतलं. खिचडी शिजत असताना त्या तांदूळ-डाळीच्या गोष्टी सांगायच्या आणि पोरं माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलायची. मला आधी थोडं झोंबलं, मग सवय झाली.

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. वडील सुट्टी काढून आले होते. सकाळी नेली आणि दुपारी घरी सोडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "बाई, ती पंख्याकडं बोट करती आन् कानावर हात ठिवती. म्हस हंबारली की दचकती. काय करू?" मी म्हणाले, "काही करू नका. दचकू दे." फोन ठेवला आणि मी सुट्टीच्या दिवशी उगाचच अंगणवाडीत जाऊन झाडून आले.

तरी डॉक्टरांनी बजावलं होतं, ऐकायला आलं म्हणजे लगेच बोलेल असं नाही, बोलायला वेळ लागेल. सुट्टीनंतर ती आली तेव्हा मी दबकतच होते. पहिल्या आठवड्यात तिनं माझा आवाज चढला की कानांवर हात ठेवले. मी आवाज खाली आणला. पोरांना वाटलं बाई आजारी आहेत. एक-दोन शब्द नवे आले. गाडी, कावळा, मावशी. रोज मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, आज अमुक म्हणाली. पण वाक्य येईना. ती अजूनही सगळ्यांकडं बघूनच उठायची, बसायची. सवय लागलेली. ही सवय मीच लावली, आणि आता ती जन्मभर दुसऱ्याच्या हाताकडं बघत राहणार की काय, ही धास्ती माझ्या मनातनं जाईना. कानातलं पाणी डॉक्टरांनी काढलं, हे कोण काढणार?

जूनचे शेवटचे दिवस होते. पोरं ठोकळे खेळत होती. मी दाराशी उभी राहून, खोलीकडं पाठ करून, फोनवर हजेरी भरत होते, कारण आमच्याकडं नेटवर्क दारातच मिळतं. जेवायची वेळ झाली होती. मी मान न वळवता, आता सवय लागली होती तशा साध्या आवाजात म्हणाले, "चला, ठोकळे आवरा, जेवायचं आहे."

मागं ठोकळे डब्यात पडायचा आवाज सुरू झाला. त्या गडबडीत कुणी तरी म्हणालं, "न्हाई."

मला वाटलं, असेल नेहमीच्या हट्टी पोरांतलं एखादं. फोनमध्ये बघतच म्हणाले, "कोण न्हाई म्हणतंय?"

"मी."

मी वळले. ती खोलीच्या मध्ये बसली होती, माझ्याकडं पाठ करून. बाकीची सगळी पोरं उठून ठोकळे गोळा करत होती. तिनं एकाकडंही बघितलं नाही. समोर ठोकळ्यांच्या दोन भिंती उभ्या होत्या आणि ती तिसरी घालत होती.

"माजं घर हुयाचं हाय," ती म्हणाली. वर मान करून माझ्याकडं बघायचीही तिला गरज वाटली नाही.

चौदा वर्षांत पोरानं माझा शब्द मोडला की माझं डोकं फिरलेलं आहे. त्या दिवशी मी फोन खिडकीत ठेवला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचेना. पोरं माझ्याभोवती गोळा झाली. एक म्हणालं, बाई, काय झालं, कोण मारलं? मी म्हणाले, कुणी न्हाई रं. पडवीच्या दारात मावशी उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वाढू का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली. तिचं छप्पर दोनदा पडलं, तिनं ते तिसऱ्यांदा घातलं. ते बसल्यावरच आम्ही खिचडी वाढली.